वेटरची शर्यत : ट्रे हातावर, पळायला बंदी!

प्रश्न : मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. पांढरा शर्ट, काळी पँट अशा वेशातले वेटर एका हातावर ट्रे तोलून, त्यात वाइनची बाटली आणि पेले घेऊन, खुर्च्या-टेबलांच्या अडथळ्यांतून झपाझप जात होते. अशी शर्यत खरंच असते का? पेले पडत कसे नाहीत? आणि आपल्या सांगोल्याच्या यात्रेत ती भरवता येईल का?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : शर्यत खरी आहे आणि चांगली शंभरी ओलांडलेली आहे. तिचं माहेर पॅरिस. तिथे १९१४ पासून कॅफेतले वेटर अशी शर्यत लावत आले आहेत. जुन्या छायाचित्रांत त्यांच्या ट्रेमध्ये बाटली आणि पेले दिसतात. २०११ नंतर प्रायोजक न मिळाल्याने ती बंद पडली होती. मार्च २०२४ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. या वेळी खर्चाचा भार उचलला तो पॅरिसच्या पाणीपुरवठा संस्थेने. ट्रेमध्ये होतं काय? एक कप कॉफी, एक क्रोसाँ आणि नळाच्या पाण्याचा ग्लास!

सुमारे दोनशे वेटर आणि वेट्रेस महापालिकेच्या इमारतीसमोरून निघाले आणि दोन किलोमीटरचा फेरा मारून तिथेच परतले. नियम मोजकेच, पण कडक. ट्रे एकाच हाताने धरायचा. पळायचं नाही, चालायचं. शेवटी पंच ग्लासातलं पाणी बघतात. सांडलं असेल तर दंड म्हणून वेळ वाढवतात. पुरुषांतला विजेता साडेतेरा मिनिटांत पोहोचला, महिलांतली विजेती चौदा मिनिटं बारा सेकंदांत. म्हणजे ताशी जवळपास नऊ किलोमीटरचा वेग. या वेगाने आपण सहज पळायला लागतो. हे लोक चालत होते, तेही भरला ग्लास घेऊन.

लंडनच्या सोहो भागात, अमेरिकेत वॉशिंग्टनला आणि अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सलाही अशा शर्यती होत आल्या आहेत. सोहोत ट्रेमध्ये शॅम्पेनची बाटली, पेला आणि घडी घातलेला नॅपकिन असतो. वाटेत अडथळे ठेवायचे की नाही हे ज्या त्या गावच्या आयोजकांवर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो खरा मजेचा आहे, कारण त्यात दोन वेगळी संकटं आहेत : भांडं कलंडणं आणि आतलं सांडणं.

वाइनच्या पेल्याला भीती कलंडण्याची. लांब दांडी, वर मोठं पोट. सगळं वजन उंचावर. म्हणून जाणता वेटर जड बाटली ट्रेच्या मध्याकडे ठेवतो, पेले तिच्या जवळ घेतो. पाचही बोटं फाकवून ट्रे तोलतो आणि कोपर अंगाशी सैल ठेवतो. पावलाचा धक्का मनगटात आणि कोपरात जिरतो, ट्रेपर्यंत जात नाही. काही ठिकाणी ट्रेवर ओलसर कापड अंथरतात, म्हणजे काच घसरत नाही. वाइन सांडण्याची धास्ती मात्र कमी, कारण पेला मुळात तिसरा हिस्साच भरतात.

सांडण्याचं संकट काठोकाठ भरलेल्या कपाचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये कॉफी घेऊन चालणाऱ्या माणसांचा रीतसर अभ्यास केला. साध्या मगातली कॉफी आपल्या स्वभावाने सेकंदाला साधारण अडीच ते चार वेळा हिंदकळते. आपल्या पावलांची लय सेकंदाला एक ते अडीच. या दोन लयी, किंवा एकीची पट दुसरीशी, जुळली की प्रत्येक पावलागणिक लाट वाढत जाते आणि थोड्याच पावलांत कॉफी बशीत उतरते. चालायला सुरुवात हळू करा आणि कपावर लक्ष ठेवा, म्हणजे सांडणं लांबतं, असं त्यांना आढळलं. या कामाला त्याच वर्षी इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. पुढे २०१५ मध्ये आणखी एका अभ्यासात दिसलं, की पृष्ठभागावर फेसाचे पाचएक थर असले तरी लाटेची उंची दहापट कमी होते. बिअर कॉफीपेक्षा कमी सांडते ती याचमुळे.

हे वाचून माणदेशातल्या कुठल्याही आजीला नवल वाटायचं नाही. दोन-दोन मैलांवरून पाणी आणणाऱ्या बाया भरल्या हंड्यात कडुनिंबाची डहाळी टाकायच्या. पानं पाण्यावर पसरली की लाट तिथेच मोडते आणि पाणी हिंदकळत नाही. फेस जे बिअरमध्ये करतो, तेच काम डहाळी हंड्यात करते. डोक्यावरच्या चुंबळीने हंड्याला बैठक मिळते, आणि मान ताठ ठेवून कमरेतून चालण्याची ती ढब म्हणजे वेटरच्या सैल कोपराची थोरली बहीण.

दुसरा उस्ताद तुमच्या डाळिंबाच्या सौद्यात भेटेल. क्रेटच्या थप्प्यांमधून, हमालांना चुकवत, वर कडी असलेल्या तारेच्या स्टँडमध्ये सहा-आठ ग्लास चहा घेऊन जाणारा चहावाला जरा नीट बघा. तो थबकला की स्टँड पुढे झुलतो, निघाला की मागे राहतो. झुलताना ग्लासही स्टँडबरोबर तेवढेच कलतात, त्यामुळे चहाची पातळी ग्लासाच्या तळाशी समांतरच राहते आणि चहा काठावरून बाहेर येत नाही. स्टँड घट्ट धरून न झुलवता नेला तर पहिल्याच वळणावर चहा सांडेल. तुर्कस्तानातले चहावालेही असाच टांगता ट्रे वापरतात.

आणि भार तोलून धावणं बघायचं तर तुम्हाला लांब जायला नको. आषाढी वारीत पालखीच्या रिंगणात पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन आणि हंडे घेतलेल्या महिला धावतात, मग विणेकरी आणि शेवटी अश्व. वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी भरणारं रिंगण सांगोल्याहून तासाभरात गाठता येतं. पॅरिसमध्ये पळायला बंदी. इथे पळायचंच असतं. मात्र रिंगण ही शर्यत नव्हे. तिथे कुणी पहिलं येत नाही आणि कुणी हरत नाही.

राहता राहिला यात्रेचा प्रश्न. महाराष्ट्रात वाइनची राजधानी नाशिक. तिथल्या वाइन महोत्सवांत पायांनी द्राक्षं तुडवण्याचा खेळ रंगतो. वेटरची शर्यत हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांत गंमत म्हणून लावतात. पण तुमच्या सांगोल्याच्या अंबिकादेवीच्या यात्रेत वाइनचं नाव काढू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू विकायला, वाटायला, इतकंच काय प्यायलाही परवाना लागतो. आणि देवीच्या दारात परवाना मागायला तरी कोण जाणार? तशी गरजही नाही. सांगोल्याच्या डाळिंबाचा रस रंगाने कुठल्याही लाल वाइनला हार जाणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये शेतमाल नेणारी देशातली शंभरावी किसान रेल्वे याच गावातून पश्चिम बंगालला निघाली होती, तेव्हा मालाची ओळख करून द्यायला नको.

तेव्हा यात्रा कमिटीला सुचवून बघा. टपरीवाले, हॉटेलांतले वेटर, लग्नात वाढप करणारे, सगळ्यांना एका रांगेत उभं करा. अंतर दोनशे मीटर पुरे. वाटेत चार बाकडी, एक बैलगाडीचं जू आणि पोत्यांची थप्पी ठेवा. काचेऐवजी स्टीलचे ग्लास घ्या, म्हणजे अनवाणी पायांना धोका नाही. प्रत्येक ग्लासाला आतून रेघ मारा आणि रस रेघेपर्यंत भरा. नियम पॅरिसचाच ठेवा : पळाला तो बाद. आणि पहिलं बक्षीस आधी पोहोचणाऱ्याला न देता, ज्याच्या ग्लासात सगळ्यात जास्त रस उरला त्याला द्या.