महानगराचे अंगण

खेडेगावातील घराला अंगण असते. सकाळी तेथे सडा पडतो, दुपारी वाळवणे पसरली जातात आणि सायंकाळी मुलांचे खेळ रंगतात. रात्री आजी तेथेच गोष्ट सांगते, एखादे दिवशी भजनही होते. खेळ, कला आणि विसावा या तिन्ही गोष्टींचे अंगण हे हक्काचे ठिकाण होय.

परंतु मुंबईसारख्या महानगरात घरोघरी अंगण कोठून असणार? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक भरली. एकाच खोलीत सारे कुटुंब राहते, अशी घरे या शहरात असंख्य आहेत. अशा घरातील मुलाने धावावे कोठे? कामावरून थकून आलेल्या माणसाने घटकाभर वारा खावा कोठे? चित्र पाहावे, नाटक पाहावे, पक्ष्याचा आवाज ऐकावा, तर कोठे? या प्रश्नांचे उत्तर असे, की मुंबईचे अंगण घरापुढे नसले तरी शहरभर विखुरलेले आहे. मैदाने, उद्याने, संग्रहालये, नाट्यगृहे आणि सागरकिनारे हे त्या एकाच मोठ्या अंगणाचे तुकडे आहेत. ते आपोआप निर्माण झालेले नाहीत. कोणी तरी ते राखले, म्हणून ते उरले.

दक्षिण मुंबईतील मैदानांची कथा मोठी मनोरंजक आहे. पूर्वी या भागात किल्ला होता आणि त्याला भक्कम तट होता. तटावरील तोफांच्या माऱ्याला आड काही येऊ नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मुद्दाम मोकळी ठेवलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर असताना, तट पाडण्यात आला. मोकळ्या जमिनीचा काही भाग रस्त्यांना व इमारतींना गेला. उरलेल्या भागातून आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने झाली. तोफांसाठी राखलेली भूमी अशा रीतीने चेंडूफळीच्या कामी आली!

दादरचे शिवाजी पार्क हे मैदान मात्र लोकांसाठीच आखले गेले. १९२५ मध्ये नगरपालिकेने ते निर्माण केले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानास आरंभी माहीम पार्क म्हणत. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. याच मैदानावर रमाकांत आचरेकर यांच्या नजरेखाली सचिन तेंडुलकर यांनी क्रिकेटचे धडे गिरविले. येथील समर्थ व्यायाम मंदिरात मुले-मुली मल्लखांबावर कसरती करताना दिसतात. मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर वृद्ध मंडळी सुखदुःखाच्या गोष्टी बोलत बसतात. तेथे कोणी कोणाला तिकीट विचारीत नाही. श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाचा मुलगा एकाच मातीत पडतो आणि एकाच मातीतून उठतो.

आता भायखळ्याकडे वळावे. तेथील उद्यान १८६२ मध्ये लोकांना खुले झाले. राणी व्हिक्टोरियाचे नाव त्यास दिलेले असल्यामुळे लोक त्यास राणीचा बाग म्हणू लागले. आज त्याचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. मुले तेथे प्राणी पाहावयास जातात. पण जुने वृक्षही तितकेच पाहण्यासारखे आहेत. याच आवारात १८७२ मध्ये वस्तुसंग्रहालय सुरू झाले. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या नागरिकांनी त्यासाठी परिश्रम केले. १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तोच हा हत्ती. परदेशी नेण्याच्या प्रयत्नात तो भंगला. पुढे त्याचे तुकडे सांधून त्यास येथे उभे करण्यात आले.

कलेच्या उपासकास मुंबईत काळा घोडा हा परिसर तीर्थासारखा वाटतो. तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली. इमारत बांधून झाली, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तेथे लष्करी रुग्णालय उघडावे लागले. अखेर १९२२ मध्ये ही वास्तू कलावस्तूंसाठी खुली झाली. शेजारीच १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले. स्वतःचे दुःख सर्वांच्या आनंदात कसे विलीन करावे, याचा हा एक वस्तुपाठच होय.

कला केवळ अशा भव्य वास्तूंतच नांदते, असे मात्र नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात कामगार दिवसभर मागावर राबत आणि रात्री नाटकाच्या तालमी करीत. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांचे पोवाडे आणि लोकनाट्ये कामकरी वर्गाने मोकळ्या आकाशाखाली, दाटीवाटीने बसून ऐकली. ज्याच्या घरात पाय पसरण्यास जागा नव्हती, त्याच्या मनाला कलेने असे विस्तीर्ण अंगण दिले.

मुंबईच्या उत्तरेस तर एक संपूर्ण अरण्यच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्यात बिबळे आहेत, हरणे आहेत आणि शंभराहून अधिक कान्हेरी लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी खडकात खोदलेली पाण्याची टाकी तेथे अजूनही पाहावयास मिळतात. याच डोंगरांत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवीत आले आहे. पाण्यासाठी त्यांच्या भोवतीचे रान राखावे लागले, आणि रान राखले म्हणून वनचरांनाही आसरा मिळाला.

असलेले राखणे हे जसे पुण्यकर्म, तसेच गेलेले परत मिळविणे हाही पुरुषार्थच. धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे. तेथे माती पसरून झाडे लावण्यात आली. १९९४ मध्ये ते ठिकाण महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून लोकांना खुले झाले. जेथे नाक दाबून जावे लागे, तेथे आज फुलपाखरे पाहण्यास विद्यार्थी जातात. ओव्हल मैदानाचीही एके काळी दुर्दशा झाली होती. शेजारच्या रहिवाशांनी ती निमूटपणे सोसली नाही. ते न्यायालयात गेले, मैदानाची निगा राखण्याचा भार त्यांनी स्वतः उचलला, आणि मैदान पुन्हा हिरवे झाले.

‘सर्वांचे ते कोणाचेच नाही,’ असे समजणारी माणसे पुष्कळ असतात. अशी माणसे उद्यानातील फांदी मोडतात, लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे कोरतात, किनाऱ्यावर कचरा टाकतात आणि मैदानाचा एखादा कोपरा कोणी बळकावला तरी डोळेझाक करतात. ‘सर्वांचे ते माझेही आहे,’ असे मानणारा मनुष्य मात्र स्वतःच्या अंगणाप्रमाणे त्याची काळजी घेतो. महानगरात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याकडे कोणाचे ना कोणाचे डोळे लागलेले असतात. मोकळ्या जागेवर इमारत उभी करता येते. परंतु इमारत पाडून मैदान केल्याची उदाहरणे शोधूनही सापडणे कठीण. म्हणून आज जे मैदान जाते, ते पुढच्या पिढ्यांचेही जाते. आज तेथे खेळणारी मुले उद्याचे नागरिक होतील. आपल्या मुलांना खेळावयास धाडण्यासाठी त्यांच्याजवळ अंगण उरेल की नाही, हे त्यांच्याच हाती आहे.

अभ्यास

१. किल्ल्याबाहेरची जमीन मोकळी का ठेवण्यात आली होती? पुढे तिचा उपयोग कशासाठी झाला?
२. ‘रान राखले म्हणून वनचरांनाही आसरा मिळाला’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. ‘सर्वांचे ते कोणाचेच नाही’ आणि ‘सर्वांचे ते माझेही आहे’ या दोन वृत्तींतील भेद उदाहरणे देऊन सांगा.
४. तुमच्या गावातील वा शहरातील एका सार्वजनिक जागेस भेट द्या. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी राखली, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून दहा ओळी लिहा.