श्रीनगर ते लेह : अंतर आणि उड्डाणाचा काळ

दोन गावांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर एकच असते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु श्रीनगर आणि लेह यांचे उदाहरण घेतल्यास हा समज पुरेसा नाही असे दिसून येईल. रस्त्याने हे अंतर सुमारे ४२० किलोमीटर भरते. जोजी-ला ही सुमारे ३,५०० मीटर उंचीची खिंड ओलांडून वाहने जातात. हिवाळ्यात हिमपातामुळे ती बंद पडते आणि मग विमान हाच मुख्य आधार उरतो.

आता हवाई अंतर काढू. दोन्ही विमानतळ ३४ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे २.७७ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा असतो; ध्रुवांकडे जावे तसा तो आखडत जातो आणि ३४ अक्षांशावर सुमारे ९२ किलोमीटर उरतो. ९२ ला २.७७ ने गुणिले असता सुमारे २५५ किलोमीटर हे उत्तर येते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर १९ मिनिटांत तोडले जावे. प्रत्यक्षात मात्र पाऊण ते एक तास लागतो. याचे कारण असे की, विमान सर्व वेळ पूर्ण वेगाने जात नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करीत उतरणे, यांतच बराच काळ जातो. शिवाय वाटेत हिमालयाची मुख्य रांग आहे. सरळ रेषेच्या अगदी जवळ ७,१३५ मीटर उंचीचे नून शिखर उभे आहे. लेहच्या दरीत उतरताना वैमानिकास डोंगरांच्या अनुरोधाने वळावे लागते.

वाऱ्याचाही विचार करावयास हवा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे लेहकडे जाताना वेळ कमी व परतताना अधिक लागतो.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंच आहे. प्रमाण वातावरणात तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या सुमारे ७२ टक्केच असते. अशा विरळ हवेत पंखांना तितकाच आधार मिळण्यासाठी वेग सुमारे १८ टक्क्यांनी अधिक असावा लागतो. म्हणून धावही लांबते. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते व दरीत वारे उठतात. याच कारणास्तव तेथील उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होत आली आहेत.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेह येथे डाकोटा विमान प्रथम उतरविले. ती कच्ची धावपट्टी अभियंते सोनम नोर्बू यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. वेढ्याच्या भीतीत असलेल्या त्या नगरास सैन्य व रसद मिळाली ती या वाटेने. आजही खिंड बंद असता रुग्णास मोठ्या रुग्णालयात नेणे याच वाटेवर अवलंबून असते.

सारांश, अंतर नकाशावर मोजता येते. काळ मात्र पर्वत, वारा आणि हवेची घनता यांना विचारूनच ठरवावा लागतो. वाचकांनी आपल्या जवळच्या दोन विमानतळांचे अंतर याच रीतीने काढून पाहावे.