शल्यविशारदाचा हात

प्रश्न : चिरंजीवांचे पोट दुखू लागले असता अनुभवी सर्जनांनी तत्काळ शस्त्रक्रिया न करता रात्रभरात तीनदा नुसते पोट चाचपले. ही हयगय नव्हे काय?

उत्तर : नव्हे. आंत्रपुच्छाच्या, म्हणजे अपेंडिक्सच्या, दाहात वेदना बहुधा प्रथम बेंबीभोवती मोघम उठते आणि काही तासांनी उजव्या ओटीपोटात ठाण मांडते; हे स्थलांतर घडते की नाही, हेच सर्जन पाहत असतो. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये निर्देशिलेल्या, कमरेच्या हाडाच्या पुढल्या टोकापासून बेंबीच्या दिशेने सुमारे दीड-दोन इंचांवरील बिंदूवर बोट दाबताच स्नायू ताठरतात. परंतु थंड हाताने निरोगी पोटही ताठरत असल्यामुळे जुना सर्जन आधी तळवे चोळून ऊबदार करतो, दुखऱ्या जागेपासून दूर आरंभ करतो आणि नजर पोटावर नव्हे, रोग्याच्या मुद्रेवर ठेवतो. (सोनोग्राफी अवश्य करावी, मुद्रा वाचणे तिच्या अखत्यारीतले नाही.) दुखणे एकाएकी थांबले की घरच्यांना हायसे वाटते, सर्जन मात्र सावध होतो, कारण आंत्रपुच्छ फुटल्यावरही काही काळ असाच उतार पडतो. पुन्हा दुखल्यास एरंडेल मात्र देऊ नये. तेवढ्याने आंत्रपुच्छ फुटण्याची भीती असते.