मुदत संपली, भाडेकरू घर सोडत नाही

प्रश्न : कोथरूडमधला आमचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर, दरमहा २४ हजार रुपयांना राहण्यासाठी दिला होता. मुदत संपून तीन महिने झाले. भाडेकरू म्हणतात, "कोर्टात जा, दहा वर्षं लागतील." भाऊ म्हणतो, नव्या केंद्रीय कायद्याने साठ दिवसांत ताबा मिळतो, तोवर पाणी-वीज तोड. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाणी-वीज मुळीच तोडू नका, कुलूपही बदलू नका. मुदत संपली म्हणून बळजबरीने बाहेर काढण्याचा हक्क मालकाला मिळत नाही. उलट तुमची भक्कम बाजू तुम्हीच कमकुवत कराल.

भाऊ सांगतात तो आदर्श भाडेकरार कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. तुमचं प्रकरण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणेच चालेल.

दहा वर्षांची धमकीही मनावर घेऊ नका. लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळतात ते मुख्यतः जुन्या, पागडीच्या भाडेकरूंचे दावे. लायसन्सवर राहायला दिलेल्या घरासाठी कलम २४ खाली वेगळी वाट आहे. अर्ज न्यायालयात नव्हे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. कागदावरची गती प्रत्यक्षात नेहमी दिसत नाही, तारखा पडतात; पण दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग नक्कीच जवळचा. आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत राज्य सरकारकडे पुनरीक्षण अर्ज तेवढा करता येतो.

मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने, म्हणजे दरमहा ४८ हजार रुपये, भरपाईही मागा. मधल्या काळात पैसे स्वीकारलेत तर 'हक्क अबाधित राखून' असं पावतीवर लिहा. लेखी करारातला मजकूर या अर्जात निर्णायक पुरावा मानतात, त्यामुळे मूळ प्रत जपा. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती तुम्ही पाळलीत, हे फार चांगलं झालं.

हे वाचणाऱ्या भाडेकरूंनाही कळकळीने सांगतो : समन्स आलं तर ते बाजूला ठेवू नका. मुदतवाढीची पावती, मालकाचा मेसेज, जे असेल ते घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. ३० दिवस उलटले, तर तुमचं म्हणणं खरं असूनही ऐकलं जाणार नाही.