वृक्षधत्तूर : बहर, शीतकालीन निगा आणि कनकाशी होणारी गल्लत

धत्तूर म्हटला की वैद्याच्या डोळ्यांपुढे उकिरड्याच्या कडेला वाढणारे, कंबरेइतक्या उंचीचे, काटेरी फळांचे झुडूप उभे राहते. अलीकडे मात्र पुण्या-साताऱ्याकडील बंगल्यांच्या आवारांत, महाबळेश्वर-पाचगणीच्या बागांत आणि क्वचित वनौषधी उद्यानांतही पुरुषभर उंचीचे, काष्ठमय खोडाचे एक झाड दिसू लागले आहे. त्याची वीतभर लांब, पांढरी, पिवळी अथवा गुलाबी फुले घंटेप्रमाणे खाली लोंबतात आणि सायंकाळनंतर त्यांचा सुगंध अंगणभर दरवळतो. रोपवाटिकांत यास ‘एंजल्स ट्रम्पेट’ म्हणतात. शास्त्रीय नाव ब्रुगमॅन्सिया. प्रस्तुत लेखात सोयीसाठी आम्ही त्यास ‘वृक्षधत्तूर’ म्हणणार आहोत. हा निघंटूतील शब्द नव्हे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

या झाडाविषयी आमच्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. बागेची आवड असलेले वैद्यबंधू विचारतात की झाड वाढते पण फुलत नाही, आणि थंडीत शेंडे काळे पडतात, तर काय करावे? फार्मसीचालक विचारतात की याची पाने कनकासवात चालतील काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. परंतु ते ‘नाही’ का, हे झाड स्वतः वाढवून पाहिलेल्यास अधिक चांगले उमगते. म्हणून आरंभ बागेपासून करू.

वृक्षधत्तूर मूळचा दक्षिण अमेरिकेतील. अँडीज पर्वतराजी हे त्याचे प्रमुख माहेर. एक जाती आग्नेय ब्राझीलमधील. लिनीयसने १७५३ मध्ये त्याचा समावेश डॅटुरा प्रजातीतच केला होता. १८०५ मध्ये पर्सून याने ब्रुगमॅन्सिया ही वेगळी प्रजाती मांडली. तरी दोघांना एकत्र मानण्याची रीत पुढे दीर्घकाळ चालली आणि १९७३ मध्ये लॉकवूड याच्या कार्यानंतर हा भेद सर्वमान्य झाला. आपल्याकडील जुन्या उद्यानसूचींत हे झाड डॅटुरा नावाने नोंदलेले सापडते, त्याचे कारण हेच. आज सात जाती मान्य असून त्या सर्व रानातून नाहीशा झालेल्या समजल्या जातात. जे उरले आहे ते माणसाच्या हाताने लावलेले. निलगिरीसारख्या थंड, दमट डोंगराळ भागांत मात्र ते आपल्या देशी रुजले आहे.

माहेर ध्यानी घेतले की झाडाची प्रकृती कळते. ज्या प्रदेशात दिवस सौम्य, रात्री गार आणि जमीन सदा ओलसर, तेथले हे झाड. त्यास आपला वैशाख मानवत नाही. सूर्य डोक्यावर असता त्याची मोठी पाने माना टाकतात आणि तिन्हीसांजेस पुन्हा उभी राहतात; ही तहान असतेच असे नाही, पानांतून निघणारे पाणी मुळांना त्या वेळी पुरवता येत नाही एवढेच. सायंकाळीही पाने सावरली नाहीत, तर मात्र पाणी द्यावे. जागा सकाळच्या उन्हाची आणि दुपारनंतरच्या सावलीची निवडावी. काळ्या भारी जमिनीत वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. पाणी साचले की मुळे कुजतात. कुंडीत लावणाऱ्यांनी पंधरा-अठरा इंचांहून लहान कुंडी घेऊ नये.

आता बहराविषयी. वृक्षधत्तूर फुलत नाही या तक्रारीच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते, ती म्हणजे अस्थानी केलेली छाटणी. रोप प्रथम एकाच सरळ दांड्यावर वाढते. काही उंची गाठल्यावर शेंड्याशी तो दांडा दुभंगतो आणि बेचकी तयार होते. फुले येतात ती या बेचकीच्या वर. खाली कधी येत नाहीत. नीटनेटकेपणाच्या हौसेने माळी बेचकीखाली छाटतो, झाड पुन्हा सरळ दांडा काढते, पुन्हा बेचकीपर्यंत चढते, आणि तोवर पुढची छाटणी येते. असे झाड वर्षानुवर्षे पानेच देते. छाटणी करायची ती बेचकीच्या वर दोन-चार पेरे राखून.

हाच नियम कलमासही लागू आहे. बेचकीच्या वरच्या फांदीचे कलम लवकर, कमी उंचीवर फुलते; खालच्या दांड्याचे कलम आधी उंची गाठते. फांदी कोठली हे पानावरून ओळखता येते : फुलणाऱ्या भागातील पानाच्या बुडाशी दोन्ही बाजू विषम असतात, एक बाजू देठावर थोडी खाली उतरलेली, खालच्या भागातील पानाचे बूड दोन्हीकडे सारखे. वनस्पती ओळखण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांस हे लक्षण एकदा दाखविले की पुरे. अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पक्व फांदी पावसाळ्याच्या आरंभी ओल्या वाळूत लावल्यास तीन-चार आठवड्यांत मुळे धरते.

दुसरे कारण उपासमारीचे. हे झाड खादाड आहे. फुलण्याच्या काळात दर पंधरवड्यास शेणखताचे पाणी अथवा गांडूळखत द्यावे, सोबत थोडे हाडांचे चूर्ण. नुसता युरिया दिल्यास पाने मातात व कळ्या रुसतात. फुले सतत येत नाहीत. झाड एकदम लगडते, मग काही आठवडे विसावते, पुन्हा लगडते. विसाव्याच्या काळात खतपाणी तोडू नये. कळ्या गळणे हे बहुधा पाण्याची ओढ, कुंडीची हलवाहलव वा उष्म्याचा अचानक चढ यांचे फळ असते. कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी बसतो. पाने ठिपकेदार, फिकट दिसू लागताच त्यांची मागील बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी आणि निंबतेल फवारावे.

देशावर या झाडाचा उत्तम बहर पावसाळा सरल्यावर, रात्री गार होऊ लागल्यावर येतो. पुण्यातील हिवाळा त्याला शत्रू नव्हे, सखा आहे. भय आहे ते दव गोठते तेथे : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा परिसर, निफाडकडचा खोलगट भाग, किंवा जेथे निरभ्र, निवांत रात्री थंड हवा उताराने येऊन साचते अशा सखल जागा. एकाच बंगल्याच्या आवारात वरच्या ओट्यावरील झाड तरते व खालच्या वाफ्यातील करपते, हे आम्ही पाहिले आहे. अशा ठिकाणी खोडाभोवती उसाचे पाचट वा वाळका पाला वीतभर जाड पसरावा. गारठ्याची रात्र अपेक्षित असेल तर दिवसा जमीन भिजवावी, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. सायंकाळी झाडावर जुने सुती कापड घालून सकाळी ते काढावे. प्लास्टिक पानांस टेकले तर तेथेच पान जळते. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी सरकवाव्या. आणि कार्तिकातच दोन-तीन कलमे घरात लावून ठेवावी; झाड गेले तरी वाण राहतो.

इंग्लंड-अमेरिकेतील आपले आप्त हेच झाड कुंडीत वाढवितात, तेथे गोठणबिंदूपूर्वी कुंडी आत घेण्यावाचून गत्यंतर नाही. फांद्या बेचकीच्या वर छाटून, पाने गळू देऊन, ५ ते १० अंश तापमानाच्या तळघरात वा गॅरेजमध्ये ती ठेवतात व माती जेमतेम दमट राहील एवढेच पाणी देतात. झोपलेल्या झाडाला पाणी पाजणे हे तेथील मरणाचे पहिले कारण, थंडी दुसरे.

थंडीने शेंडे काळे पडले तर तत्काळ कापू नयेत. मेलेला भाग खालच्या भागास थोडे आच्छादन देतो, आणि घाईने छाटल्यास निघालेले कोवळे फुटवे पुढच्या गारठ्यात सापडतात. महाशिवरात्रीपर्यंत थांबावे. मग नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे लागेल तेथवर झाड जिवंत. खोड पूर्ण गेले तरी मुळे शाबूत असल्यास बुंध्यापासून नवे धुमारे येतात, मात्र बेचकीसाठी पुन्हा वाट पाहावी लागते.

आता फार्मसीकडे वळू. मध्यंतरी एका परिचित फार्मसीत धत्तूर म्हणून आलेल्या पोत्यात आम्हांस मनगटाएवढे काष्ठमय तुकडे व मोठी पाने आढळली, पण एकही फळ नव्हते. पुरवठादाराचे म्हणणे, “झाड मोठे आहे, म्हणून गुण अधिक.” तो माल परत गेला. अशा वेळी प्रयोगशाळेवर विसंबून भागत नाही. विटाली-मोरीन परीक्षा जांभळा रंग दाखवील, कारण हायोसायमीन, स्कोपोलामीन इत्यादी क्षारतत्त्वे दोहोंतही आहेत. ती परीक्षा वर्ग सांगते, व्यक्ती सांगत नाही.

व्यक्ती सांगते ते फळ. डॅटुरा मेटेलचे फळ गोल, आखूड बोथट काट्यांचे व झुकलेले असते. फूल मात्र वर तोंड करून उमलते. वृक्षधत्तूराचे फूल लोंबते, फळ बिनकाट्याचे, लांबट. पण बागेतील बहुतेक झाडे एकाच झाडाची कलमे असल्याने आणि स्वपरागाने फळ सहसा न धरल्याने आपल्याकडे ते फळ दिसतच नाही. म्हणूनच फलरहित पोते हे संशयाचे पहिले कारण समजावे. कनकासवाच्या पाठात धत्तूराचे शाखा, मूळ, पत्र व फळ यांसह ग्रहण सांगितले आहे. तेव्हा काटेरी फळे मालात असावयासच हवीत. बियांसाठी खरेदी करणाऱ्यांनी, म्हणजे सूतशेखर वा लक्ष्मीविलास करणाऱ्यांनी, शक्य तेथे फळासह माल मागवावा आणि गोदुग्धात दोलायंत्राने शोधन आपल्या देखरेखीखाली करावे.

पिवळ्या फुलांमुळे आणखी एक घोळ होतो. राजनिघंटूत धत्तूराचे पुष्पवर्णानुसार प्रकार सांगताना पीतवर्णही येतो; त्याचा आधार घेऊन काहीजण पिवळ्या वृक्षधत्तूरास पीतधत्तूर ठरवितात. तो निघंटुकार दक्षिण अमेरिकेतील झाड पाहून लिहीत नव्हता. आणि ज्यास आपले शेतकरी ‘पिवळा धोत्रा’ म्हणतात ती तर आर्जिमोन मेक्सिकाना, निराळ्याच कुळातील. तिच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ उसळली होती. पिवळे फूल, धोत्रा हे नाव आणि काटेरीपणा, एवढ्यावर द्रव्य ठरत नसते.

वृक्षधत्तूराचे रस, गुण, वीर्य, विपाक कोणत्याही संहितेत वा निघंटूत नाहीत. क्षारतत्त्वांचे प्रमाण व परस्पर गुणोत्तर जाती, अवयव आणि ऋतूनुसार बदलते. बहुतेक वाणांत स्कोपोलामीनचा वरचष्मा. कनकासवाची मात्रा ठरली ती धत्तूरावर, या झाडावर नव्हे. श्वासाच्या वृद्ध रुग्णास, ज्याला पौरुषग्रंथीमुळे मूत्रकष्ट आहे वा डोळ्यात काचबिंदू आहे, हा फरक भोवू शकतो. मुखशोष, विस्फारित बाहुल्या, मूत्ररोध, कोरडी तप्त त्वचा, जलद नाडी आणि बडबड ही लक्षणे दिसताच औषध थांबवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे. घरगुती उतारा शोधण्यात वेळ दवडू नये. धत्तूर औषधिद्रव्य व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या परिशिष्ट ई(१) मध्ये विषद्रव्यांत आहे, आणि अशा योगांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीत घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. ती सूचना छापणाऱ्याने आतले द्रव्य कोणते याची खात्री आधी केलेली असावी.

बागेत झाड ठेवणाऱ्यांनी छाटणीच्या वेळी हातमोजे घालावे व डोळ्यांस हात लावू नये. रस लागल्यास त्या एका डोळ्याची बाहुली विस्फारते. अशा रुग्णाच्या डोक्यात रक्तस्राव झाला की काय, अशी शंका घेऊन तपासण्या सुरू होतात, आणि बागेविषयी विचारणे राहून जाते. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांपुढे टाकू नयेत, शेकोटीत जाळू नयेत, खड्ड्यात पुराव्या. महाशिवरात्रीच्या सुमारास शेजारची मुले पूजेसाठी ‘धोत्र्याचे फूल’ मागावयास येतात. त्यांस हे फूल न देता परसातला काटेरी फळांचा धोत्रा दाखवावा, आणि तोही घरी नेल्यावर मोठ्यांच्याच हाती द्यावयास सांगावा.