दुकान पुढच्या पिढीच्या नावावर करायला किती खर्च येतो?

वडिलांच्या जागी मुलगा गल्ल्यावर बसू लागला, घाऊक व्यापारी त्याच्या शब्दावर माल देऊ लागले, की दुकान मुलाचे झाले असे घरातले सगळे धरून चालतात. कायदा तसे धरत नाही. दुकान वडिलांच्या एकट्याच्या मालकीचे आणि स्वकष्टार्जित असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू कुटुंबात त्यांची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना त्यात सारखा हिस्सा मिळतो. वर्षानुवर्षे शटर उघडणाऱ्या मुलाला जास्त काही मिळत नाही आणि सासरी गेलेल्या मुलीचे काही कमी होत नाही. चांगली चाललेली दुकाने याच ठिकाणी बंद पडतात, आणि तेही शंभर-पाचशे रुपयांचे कागद वेळेवर न केल्यामुळे. म्हणून हा हिशेब मालकाने हिंडता-फिरता असतानाच मांडायला हवा.

सगळ्यात मोठा आकडा जागेचा असतो. गाळा स्वतःच्या नावावर असेल तर सर्वांत स्वस्त मार्ग मृत्युपत्राचा. त्याला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही केली की ते कायदेशीर होते. साक्षीदार वारसांपैकी नसावेत, वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण महाराष्ट्रात तिची फी १०० रुपये आहे आणि वर पानांमागे थोडे हाताळणी शुल्क. एवढ्यासाठी ती टाळू नका. वकिलाकडून मसुदा करून घेतला तर त्याची फी वेगळी. ती ठरलेली नसते, त्यामुळे मसुदा आणि नोंदणीची धावपळ यांचे आकडे आधीच वेगवेगळे विचारून घ्या.

‘दोनशे रुपयांत बक्षीसपत्र होते’ हे बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. ते खरे आहे, पण ती सवलत फक्त राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे, आणि तीही पती, पत्नी, मुले, नातवंडे अशा ठरावीक नात्यांत. दुकानाचा गाळा त्यात बसत नाही. मुलाला गाळा बक्षीस द्यायचा तर बाजारमूल्यावर ३ टक्के मुद्रांक शुल्क लागते, काही ठिकाणी त्यावर स्थानिक अधिभार आणि शिवाय नोंदणी फी. रेडी रेकनरनुसार ४० लाखांच्या गाळ्यावर नुसता मुद्रांकच १,२०,००० रुपये होतो. तोच गाळा मृत्युपत्राने दिला तर मुद्रांक शून्य. मृत्युपत्र कधीही बदलता येते आणि शेवटपर्यंत मालकी आपल्या हातात राहते. मुलाला गाळ्यावर स्वतःच्या नावाने कर्ज काढायचे आहे, असे ठोस कारण असेल तरच बक्षीसपत्राचा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कराची भीती मात्र बाळगू नका. वडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षिसावर मुलाला आयकर लागत नाही, आणि वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही.

वडील हयात असतानाच बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायची घाई काही घरांत होते. स्वकष्टार्जित मिळकतीत वारसाहक्क मृत्यूनंतरच निर्माण होतो, तेव्हा अशा कागदाला आधार नसतो आणि मने मात्र दुखावतात. वारस लागल्यानंतर भावंडांनी राजीखुशीने, मोबदला न घेता हक्कसोड पत्र केले तर मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पूर्वी तो २०० होता.

पागडीच्या दुकानाचे गणित अगदी वेगळे. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार, भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी येतो. म्हणून जो दुकान चालवणार आहे त्याचे नाव पगारपत्रकात, बिलांवर, पत्रव्यवहारात आजपासून दिसू द्या. याला पैसे लागत नाहीत. मालकाच्या संमतीने भाडेपावतीवर नाव चढवायचे असेल तर तो घरमालक किती रक्कम मागतो, ते मात्र आताच विचारून ठेवा.

परवान्यांचा खर्च किरकोळ, पण मुदती कडक. जीएसटी क्रमांक मालकाच्या पॅनला बांधलेला असतो, म्हणून वारसाला ३० दिवसांत नवी नोंदणी करावी लागते. तिला सरकारी फी नाही. जुन्या खात्यात शिल्लक राहिलेले इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ अर्जाने नव्या क्रमांकावर आणता येते. हा अर्ज राहून गेला तर मालावर भरलेला कर हातचा जातो, त्यामुळे सीएची फी इथे वसूल होते. खाद्यपदार्थांचा परवाना मालकाच्या मृत्यूनंतर वारसासाठी ९० दिवस चालू राहतो, तेवढ्यात तो नावावर करून घ्यायचा. उद्यम नोंदणी पुन्हा करावी लागते, तीही मोफत. दुकानाच्या नावाला बाजारात किंमत असेल तर त्याचा ट्रेडमार्क घ्या. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.

बँकेच्या चालू खात्याला नामनिर्देशन करता येते आणि ते फुकट असते, तरी कितीतरी दुकानदारांनी ते केलेले नसते. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नावे लावता येतात. पण नामनिर्देशित व्यक्ती पैसे फक्त स्वीकारते, मालक वारसच असतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. त्यामुळे नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवा. कॅश क्रेडिट असेल तर आयुर्विमा घ्या. विवाहित पुरुषाने तो घेतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली पत्नी-मुलांच्या नावे केला, तर सावकाराला त्या रकमेवर हात टाकता येत नाही. त्यासाठी जादा हप्ता नसतो, फक्त एक फॉर्म भरायचा असतो.

भागीदारी असेल तर करारनामा उघडून एकच कलम शोधा: भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील की नाही. ते नसेल तर १९३२ च्या कायद्याने फर्म विसर्जित होते. भागीदार दोनच असतील तर नुसत्या कलमाने भागत नाही, वारसाला किंवा तिसऱ्या कुणाला आताच भागीदार करून घ्यावे लागते.

यातले काहीच केले नाही, तर कुटुंबाला वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. महाराष्ट्रात त्याची कोर्ट फी ७५,००० रुपयांपर्यंत जाते, वर वकील, वर्तमानपत्रातली नोटीस आणि जाणारे महिने. त्या महिन्यांत खाते गोठलेले असते, व्यापारी रोखीने माल मागतात आणि नोकर दुसरीकडे जातात.

वर्षअखेरीचा हिशेब करायला सीएकडे जाल, तेव्हा जागेचे कागद, कर्जाचे कागद आणि परवान्यांची यादी बरोबर न्या. मृत्युपत्रात काय लिहिणार आहात ते पत्नीला, मुलाला आणि मुलीला एकत्र बसवून स्वतः सांगा, आणि मगच साक्षीदारांना बोलवा.