अकरावीस मानसशास्त्र घ्यावे काय?

प्रश्न : कन्येला अकरावीस कला शाखेतून मानसशास्त्र घेऊन पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर व्हावयाचे आहे. वेड्यांच्या अभ्यासाने तिच्याच मनावर परिणाम होईल, अशी वडीलधाऱ्यांची धास्ती आहे. काय करावे?
— एक माता, सातारा

उत्तर : ताई, ही धास्ती निराधार आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे ज्या शास्त्राची प्रयोगशाळा स्थापिली, त्याचा मुख्य विषय तुमच्या-आमच्या नित्याच्या व्यवहारांतील अवधान, स्मृती, भावना व अध्ययन हाच असून मनोविकृती हे त्याचे केवळ एक प्रकरण होय. निरर्थक अक्षरांची यादी वर्गमैत्रिणीपुढे ठेवावी, घड्याळ लावावे आणि तिला किती आठवले याची नोंद करावी, अशा प्रयोगांत भिण्यासारखे काय आहे? उलट, वाढत्या वयाच्या मुलीस स्वतःचे मन ओळखण्यास हा विषय फार उपकारक ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

मात्र एका बाबतीत वेळीच सावध व्हावे. मनोविकारतज्ज्ञ होण्यास प्रथम एम.बी.बी.एस. व्हावे लागते, आणि त्यासाठी बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन व जीवशास्त्र अनिवार्य असल्याने केवळ कला शाखेच्या विषयांवर तो मार्ग खुला राहत नाही. विज्ञानाबरोबर मानसशास्त्र घेण्याची सोय काही कनिष्ठ महाविद्यालयांत असते. तिची चौकशी करावी. औषधयोजनेऐवजी चाचण्या व समुपदेशन यांची तिला ओढ असेल, तर कला शाखा उत्तम. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही लागेल. संख्याशास्त्र मात्र कोठेच टळत नाही, हे तिला आजच सांगून ठेवावे.